मुलीला शाळेने 'इंग्लिश लर्नर' ठरवलंय, सही करून बाहेर काढू का?

रेवा_जर्सी

मंडळी, जरा डोकं सटकलंय म्हणून इथे लिहितेय. लेक या सप्टेंबरात किंडरगार्टनला गेली, न्यू जर्सीत, पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा. अ‍ॅडमिशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक होम लँग्वेज सर्व्हे होता, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात कुठली बोलता वगैरे. आम्ही सरळ मराठी लिहिलं कारण आहेच मराठी, आजी-आजोबा अर्धं वर्ष इथेच असतात. आता पत्र आलंय की तिची चाचणी घेतली आणि ती 'इंग्लिश लर्नर' निघाली, म्हणजे इंग्रजी अजून पुरेसं येत नाही, रोज ईएसएलच्या (अशा मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या) बाई तिला वर्गातनं बाहेर नेणार. अहो जन्म इथला तिचा, डे केअरमध्ये दिवसभर इंग्रजीच, घरी आली की अखंड टकळी चालू असते, मराठी इंग्रजी सगळं मिक्स.

नवरा म्हणतो नको ती भानगड, नकाराच्या फॉर्मवर सही करून टाकू. मंडळातल्या दोघी म्हणाल्या, "अगं फॉर्मवर इंग्लिश लिहायचं असतं, एवढं माहीत नाही?" म्हणजे घरची भाषा लपवायची? राग नक्की कशाचा येतोय तेच कळेना. कुणी यातनं गेलंय का? हा शिक्का पुढे मिडल स्कूलपर्यंत चिकटतो म्हणे, खरं का?

वरणभात_तूप

फॉर्मवर इंग्लिश लिहायचं. विषय संपला. आमच्या इथल्या समस्त देशी जनतेने तेच केलंय.

रेवा_जर्सी

@वरणभात_तूप ते आता होऊन गेलंय हो, पुढचं सांगा.

वरणभात_तूप

मग सही करा आणि बाहेर काढा. पुढचंही संपलं :)

खडूफळा

रेवा, थांब, सही करायच्या आधी हे वाच. मी इलिनॉयमध्ये पब्लिक स्कूलला ईएसएल शिकवते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितेय. लांबेल जरा.

पहिली गोष्ट, नकार दिलास तर तास बंद होतात, शिक्का जात नाही. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. मूल कागदोपत्री इंग्लिश लर्नरच राहतं आणि दरवर्षी हिवाळ्यात अ‍ॅक्सेसची (इंग्रजी किती येतं त्याची) परीक्षा द्यायचीच असते, पास होईपर्यंत. म्हणजे मदत शून्य आणि परीक्षा तेवढी कायम. असा व्यवहार कोण करतं?

दुसरं, पाच वर्षांच्या मुलांची ही चाचणी मी स्वतः घेते. अनोळखी बाई, छोटी खोली, समोर चित्र, "टेल मी व्हॉट इज हॅपनिंग." घरी टकळी लावणारी पोरं तिथे बोटाने दाखवतात, एका शब्दात उत्तर देतात, काही तर माझ्या आयडी कार्डाच्या दोरीशी खेळत बसतात. जे बोललं त्यालाच मार्क द्यायचे, जे डोक्यात आहे त्याला नाही, त्यामुळे लाजरी मुलं यात अडकतात हे मान्य. तू शाळेकडे प्रत्येक भागाचे वेगवेगळे मार्क माग, नुसता एकूण आकडा नको. ऐकण्यात भरपूर आणि बोलण्यात तळाला असेल तर काय झालं ते तुलाच समजेल.

तिसरं, आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न: तिला कुठल्या वेळेला बाहेर नेतात? सगळा वर्ग वाचन शिकत असताना काढून नेत असतील तर भांड. ईएसएलची बाई वर्गात येऊनही शिकवू शकते, त्याला आम्ही पुश-इन म्हणतो, बाहेर नेणं म्हणजे पुल-आउट. पुल-आउट वाईटच असं नाही पण मूल परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि त्याला कुणी सांगत नाही काय झालं ते. शाळेला लेखी विचार की त्या अर्ध्या तासात तिचं काय बुडतं आणि ते भरून कोण देणार. शाळा सहसा हा प्रश्न ऐकून जराशी सावध होते, कारण तो कुणी विचारत नाही.

अंबाडीची_भाजी

वाचतेय. आमच्या धाकट्याचंही हेच झालं होतं पण तो पहिलीत होता. बोलायला एकदम फर्डा, तरी परीक्षेत लटकला. ते कसं काय?

खडूफळा

@अंबाडीची_भाजी कारण पहिलीपासून पुढे एकूण मार्कांत वाचन ३५ टक्के, लेखन ३५ टक्के, ऐकणं आणि बोलणं फक्त १५-१५. सत्तर टक्के वाचन-लेखनात. पोरगा कितीही फर्डा बोलो, चार वाक्यं कारणांसकट लिहिता आली नाहीत की गेला. न्यू जर्सीत ६ पैकी ४.५ ला बाहेर पडता येत होतं, आमच्याकडे इलिनॉयला ४.८. एकच परीक्षा, एकच पेपर, आणि राज्याची हद्द ओलांडली की मूल लर्नर व्हायचं किंवा व्हायचं थांबायचं. हसायचं की रडायचं तुम्ही ठरवा.

चहाबाज_आजोबा

मी डॅलसला मुलाकडे आलो आहे, सध्या वेळ आहे म्हणून लिहितो. हे सर्व लाड चालले आहेत. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, एबीसीडी पाचवीत पाहिली, कोणी वेगळ्या खोलीत नेऊन शिकवले नाही. आठवीपर्यंत एक वाक्य धड बोलता येत नव्हते. पुढे इंजिनियर झालो, परदेशी गिऱ्हाइकांशी बोललो, काही अडले नाही. मुलांना पाण्यात टाका, पोहतील.

रेवा_जर्सी

@आजोबा, पण तुम्हाला गणित-विज्ञान कुठल्या भाषेत शिकवलं?

चहाबाज_आजोबा

मराठीत अर्थातच. दहावीपर्यंत सगळे मराठीत.

खडूफळा

आजोबा, रागावू नका पण तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय :) तुम्हाला अपूर्णांक, प्रकाशाचं परावर्तन, भूगोल सगळं मराठीत पक्कं झालं, आणि इंग्रजी शेजारून सावकाश येत राहिलं. इंग्रजी येत नव्हतं तेव्हा तुमचं विज्ञान थांबलं नाही. इथे मुलांचं तेच थांबतं. तुम्हाला पाण्यात टाकलं नव्हतं, काठावर दहा वर्षं व्यवस्थित शिकवलं होतं.

पाण्यात टाकायचा प्रयोग अमेरिकेने भरपूर करून झालाय. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी बोलणारी हजारभराहून जास्त मुलं इंग्रजी वर्गात नुसती बसवून ठेवली होती, जादा मदत काही नाही. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, लाउ विरुद्ध निकोल्स, १९७४. कोर्टाने एकमताने सांगितलं की तेच पुस्तक, तोच वर्ग, तीच बाई दिली म्हणजे समान वागणूक होत नाही, मुलाला भाषाच कळत नसेल तर त्या शिक्षणाला अर्थ नाही. रेवाच्या मुलीची जी चाचणी झाली तिचं मूळ तिथे आहे. त्या आईबापांनी भांडून मिळवलेली गोष्ट आपण "नको ती भानगड" म्हणून परत करतो, मला त्याचं वाईट वाटतं.

चहाबाज_आजोबा

हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. चहा घेऊन येतो.

सॅनहोजेचा_सदा

कॅलिफोर्नियावाला हजर. आमच्याकडे तर पूर्ण तमाशा झालेला आहे यावर. १९९८ साली प्रपोझिशन २२७ आलं, रॉन उन्झ नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या पैसेवाल्या माणसाने रेटलेलं, लोकांनी मतदान करून दुभाषिक वर्ग जवळपास बंद पाडले, मुलांना साधारण एक वर्ष इंग्रजी शिकवायचं आणि मग नेहमीच्या वर्गात. पालकांनी खास वेव्हर (सूट) मागितला तरच दुसरं काही. अ‍ॅरिझोना आणि मॅसॅच्युसेट्सनेही मागोमाग तसंच केलं. आणि मग २०१६ ला प्रपोझिशन ५८ ने तेच कॅलिफोर्नियाच्या लोकांनी उलटं फिरवलं, तेही दणक्यात. मधली अठरा वर्षं गेली त्यात जी मुलं शाळेत होती त्यांचं काय हे कुणी विचारू नये. आणि आता वर्ग उघडायचेत तर शिकवायला दुभाषिक शिक्षक नाहीत, कारण जी मुलं दोन्ही भाषांत शिकून आज शिक्षक झाली असती त्यांची ती दुसरी भाषाच आपण शाळेत येऊ दिली नाही.

वरणभात_तूप

सदा, हे सगळं स्पॅनिशचं झालं. आपल्याला काय त्याचं? आपली मुलं दोन वर्षांत बाहेर पडतातच.

सॅनहोजेचा_सदा

पडतात ना, कारण घरी दोघं इंजिनियर, पुस्तकांचं कपाट, वर कुमॉनची शिकवणी. देशात पन्नास लाखांच्या आसपास लर्नर मुलं आहेत, म्हणजे पब्लिक स्कूलमधलं दहातलं एक, त्यातली तीन चतुर्थांश स्पॅनिश बोलणारी आणि बहुतेक इथेच जन्मलेली. त्यातली कित्येक सहा सहा वर्षं त्याच शिक्क्याखाली असतात, आमच्याकडे त्यांना लाँग-टर्म इंग्लिश लर्नर म्हणतात. बोलायला झकास, ऐकलं तर कळणारही नाही, पण धडा वाचून त्यावर लिहायचं म्हटलं की अडतं. आणि एकदा मिडल स्कूलला शिक्का घेऊन पोचलं की ईएलडीच्या, म्हणजे इंग्रजी शिकवायच्या, जादा तासाला जागा करायला चित्रकला, बँड, असलं काहीतरी जातं. रेवाने विचारलं ना चिकटतो का, तर कोणाला चिकटतो ते असं आहे.

मुळामुठा

पोर्टलँडचा एक अभ्यास आहे तो इथे सांगण्यासारखा आहे. तिथे ड्युअल लँग्वेज (दोन भाषांत शिकवणाऱ्या) शाळांना इतके अर्ज यायचे की लॉटरी काढत, त्यामुळे लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना करता आली, म्हणजे "हुशार पालकांचीच मुलं तिकडे जातात" हा नेहमीचा आक्षेप बाद. दोन भाषांत शिकलेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीला साधारण सात महिने आणि आठवीला साधारण नऊ महिने पुढे निघाली. इंग्रजी वाचनात, लक्षात घ्या, जिचा वेळ कापला होता त्याच भाषेत.

स्टॅनफर्डच्या उमान्स्की आणि रीअर्डन यांचा २०१४ चा अभ्यास लॅटिनो मुलांवरचा आहे. दुभाषिक वर्गातली मुलं शिक्क्यातनं सुटायला सुरुवातीला उशीर लावतात, पण शेवटी सुटणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यातच जास्त. आता गंमत बघा, शाळेला आणि तिच्या स्कूल बोर्डाला निकाल हवा असतो तिसरीत, आणि फायदा दिसतो मिडल-हायस्कूलला. मधल्या काळात नवीन सुपरिंटेंडंट (त्या भागातल्या शाळांचा प्रमुख) येतो आणि प्रोग्राम बंद करतो.

अंबाडीची_भाजी

ड्युअल लँग्वेजबद्दल एक बोचरं लिहू का? आमच्या गावात तो वर्ग सुरू झाला स्पॅनिश मुलांसाठी, निम्मी ती आणि निम्मी इंग्रजीवाली असा हिशोब. आता तिथे जागा मिळवायला पहाटेपासून रांग लावणारे सगळे गोरे आणि आपण देशी, कारण मुलाला स्पॅनिश आलं की कॉलेजच्या अर्जाला बरं. ज्या बाया दोन दोन शिफ्ट करतात त्यांना ऑनलाइन फॉर्मची तारीखच कळत नाही. माझाही मोठा तिथेच आहे, त्यामुळे मी काही सोवळी नाही.

सॅनहोजेचा_सदा

+१००. आणि मूळ गोष्ट काय होती? १९६३, मायामीची कोरल वे शाळा, क्यूबातून पळून आलेल्या कुटुंबांची मुलं, अर्धा दिवस स्पॅनिश अर्धा दिवस इंग्रजी. निर्वासितांच्या मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून.

रेवा_जर्सी

हे सगळं वाचून आता राग कमी आणि टेन्शन जास्त अशी अवस्था आहे. खडूफळा ताई, मी मार्क मागवले. ऐकण्यात वरचे, बोलण्यात खालचे, तू म्हणालीस तसंच. पण आणखी एक झालं. क्लास टीचर फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाली, "घरी शक्य तितकं इंग्लिश बोला, फास्ट प्रोग्रेस होईल." आता आजीला काय सांगू, गप्प बसा?

खडूफळा

हे अजूनही सांगतात?! आजीला गप्प बसवू नकोस. त्या टीचरला काही कळत नाही असं नाही, तिला कॉलेजात कुणी हे शिकवलेलं नसतं, आणि ती मदतच करायला बघतेय. पण सल्ला चुकीचा आहे.

जिम कमिन्स म्हणून कॅनडातले संशोधक आहेत, त्यांनी फार पूर्वी मांडलेलं अजून टिकून आहे. खेळातली, मैत्रीची भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि पहिल्या भाषेत जे डोक्यात पक्कं आहे ते दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावं लागत नाही. आजी गोष्ट सांगताना "मग कोल्ह्याने असं का केलं असेल गं?" विचारते ना, तो विचार करायचा सराव आहे. तो कुठल्याही भाषेत चालतो. आणि आजीच्या मराठीत तो पन्नास पायऱ्यांवर होतो, आजीच्या इंग्रजीत दोन पायऱ्यांवर होईल.

माझ्या वर्गातलं एक सांगते. ग्वाटेमालाहून आलेला मुलगा, चौथीतला, विज्ञानाच्या पेपरात जलचक्रावर त्याने इंग्रजीत लिहिलं होतं "सन वॉटर अप." वर्गशिक्षिकेने चारातला एक मार्क दिला. मी त्याला म्हटलं, चित्र काढ आणि तुझ्या भाषेत लिही. पान भरलं त्याने. बाण, ढग, डोंगराला अडून पडणारा पाऊस, जमिनीत मुरणारं पाणी, सगळ्याला स्पॅनिश नावं. आमच्या स्पॅनिश मदतनीस बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं की वर्गातल्या निम्म्या इंग्रजी मुलांपेक्षा त्याला जास्त येतं. त्याला जलचक्र पुन्हा शिकवायची गरज नव्हती, पाच-सहा वाक्यं इंग्रजीत कशी बांधायची तेवढीच शिकवायची होती. ती बाई त्या दिवशी नसती तर त्याला पुन्हा जलचक्रच शिकवलं असतं, हळू आवाजात आणि मोठ्या अक्षरात.

आता मराठीवाली बाई शाळेला कुठून मिळणार? नाही मिळणार. न्यू जर्सीत एका भाषेची वीस लर्नर मुलं डिस्ट्रिक्टमध्ये (एका कारभाराखालच्या सगळ्या शाळांत मिळून) असली तर दुभाषिक वर्गाचा नियम लागू होतो, आमच्याकडे एका शाळेत वीस लागतात, आणि तिथेही माणसं नाहीत म्हणून सवलती मागितल्या जातात. त्यामुळे आपल्याला जमेल ते: टीचरकडून पुढच्या आठवड्याचे विषय आधी मागून घे. बिया, ऋतू, गावातली माणसं, काय असेल ते. शनिवार-रविवारी त्यावर घरी मराठीत गप्पा मारा, आजीला म्हणावं कुंडीत मेथी पेरा. सोमवारी वर्गात विषय निघाला की तिला फक्त शब्द नवीन असतील, गोष्ट नवीन नसेल. मी हे पालकांना सांगते, अरबी, पोलिश, गुजराती सगळ्यांना, आणि जे करतात त्यांच्या मुलांचा हात वर्गात वर जायला लागतो.

पॉपकॉर्न_घेऊन_बसलोय

धागा चांगला चाललाय, कोणी भांडत का नाहीये?

वरणभात_तूप

मी भांडतो. ताई, तुम्ही चांगल्या शिक्षिका आहात म्हणून हे सगळं होतं. बहुतेक ठिकाणी एक ईएसएलवाली तीन शाळांत फिरते आणि पोरांना कार्ड दाखवून "अ‍ॅपल" म्हणून घेते. माझ्या भाच्याचं प्रत्यक्ष पाहिलंय, घरी वाचायला लागलेलं पोर तिथे रंग ओळखत बसलं होतं. मग सही करून बाहेर काढलेलं काय वाईट?

खडूफळा

@वरणभात_तूप हे मी नाकारत नाही. मी स्वतः दोन शाळांत फिरते. टायटल थ्री म्हणून केंद्राचा जो खास निधी आहे तो वर्षाला सुमारे ८९ कोटी डॉलर, मुलांची संख्या वर सदाने दिलीच आहे, भागाकार करा, डोक्यामागे दोनशे डॉलरही येत नाहीत. बाकी राज्य आणि डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर. तोही निधी २०२५ च्या जुलैत अडवून ठेवला होता, महिनाअखेरीला सोडला. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रजी देशाची अधिकृत भाषा ठरवणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. त्याने लाउचा निकाल रद्द होत नाही, पण शाळांना वाटतं की आता कुणी विचारायला येणार नाही.

म्हणूनच भाच्याच्या आईने सही करण्याऐवजी शाळेत जाऊन रंग ओळखण्यावरून भांडायला हवं होतं. १९८१ चा कास्तान्येदा म्हणून एक निकाल आहे, त्यात तीन गोष्टी तपासतात: प्रोग्राममागे काही शास्त्र आहे का, तो नीट चालवायला माणसं-साधनं दिलीत का, आणि काही काळाने फायदा दिसतो का, नसेल तर बदललात का. हे तीन प्रश्न कुठलाही पालक ईमेलमध्ये विचारू शकतो. इंग्रजी येणाऱ्या, ईमेल लिहिता येणाऱ्या आपल्यासारख्यांनी विचारले तर ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याही मुलांचे तास सुधारतील. आपण सही करून निघून गेलो की त्या खोलीत भांडणारं कुणीच उरत नाही.

वरणभात_तूप

बरं. बहिणीला पाठवतो हे.

चहाबाज_आजोबा

तिसरा चहा. मेथीची कल्पना उत्तम आहे. नातवाला सांगतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांची मुलं लहान आहेत, माझा प्रश्न वेगळा आहे. पुतण्या यायचाय, वय १६, सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमात दहावी पास, गणितात ९१. भावाचं ग्रीन कार्डाचं आत्ता झालं. इथे टेक्सासमध्ये शाळेत चौकशी केली तर म्हणे इंग्रजी नाही तर नववीत बसवू आणि गणितही अगदी खालचं देऊ. पोराला बीजगणित भूमिती येतं हो! वर्ष वाया जाणार का?

खडूफळा

@कृष्णाकाठ हा सगळ्यात अवघड वयोगट, कारण हायस्कूल पूर्ण करायला लागणारे क्रेडिट्स (विषयवार गुणांक) आणि इंग्रजी दोन्ही एकदम गाठायचं असतं, आणि टेक्सासचे नियम मला बारकाईने माहीत नाहीत. पण काउन्सेलरकडे जाताना हे घेऊन जा. बोर्डाची मार्कशीट आणि तिचं प्रमाणित भाषांतर. आपल्या दहावीच्या गणिताचे दोन भाग असतात, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती, ते वेगवेगळे दिसू देत, कारण इथे अल्जिब्रा आणि जिऑमेट्री वेगळे विषय आहेत आणि क्रेडिट वेगळं मिळतं. नुसतं "मॅथ ९१" लिहिलं तर एकच विषय समजून बसतील. क्रेडिट देत नसतील तर परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय आहे का ते विचारा, आणि त्या परीक्षेला किती इंग्रजी लागतं तेही. इंग्रजी कमी म्हणून गणित खाली, हे कारण त्यांच्याकडून लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी द्यायची वेळ आली की चर्चा सुरू होते.

मुळामुठा

@कृष्णाकाठ आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाचीही, मजकूर तोच. दहावीचं गणित दोन्ही उतरवून घ्या. पोराने जो धडा मराठीत केलाय तोच शेजारी इंग्रजीत उघडायचा, उदाहरणं तीच, आकृत्या त्याच. यायच्या आधी दोन महिने आहेत ना? विज्ञानाचीही तशीच घ्या.

कृष्णाकाठ

हे सुचलंच नव्हतं. आजच भावाला व्हॉट्सअ‍ॅप करतो. बोर्डाच्या मार्कशीटवर शिक्का लागतो का इथे, की नुसतं भाषांतर चालतं?

खडूफळा

प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं, तिथल्या ऑफिसलाच विचारा. मूळ मार्कशीट मात्र कुणालाही देऊन टाकू नका, समोर स्कॅन करायला लावा आणि परत घ्या.